पाउलुस पॉटरचे ‘तरुण वळू’ : चित्रातील वास्तववादाचा पुनर्विचार

प्रस्तावना :
सतराव्या शतकातील डच चित्रकलेच्या संदर्भात ‘वास्तववाद’ ही संज्ञा सर्रास वापरली जाते. गुरे, कुरणे व ग्रामजीवन यांची चित्रे म्हणजे समोरच्या दृश्याची हुबेहूब नक्कल, असे त्यामागे गृहीत असते. हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयातील पाउलुस पॉटर (१६२५-१६५४) याच्या ‘तरुण वळू’ (१६४७) या चित्राच्या आधारे हे गृहीतक तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चित्राचे स्वरूप :
हे तैलचित्र सुमारे २३६ सें.मी. उंच व ३३९ सें.मी. रुंद आहे. मध्यभागी जवळजवळ प्रत्यक्ष आकाराचा वळू उभा असून शेजारी बसलेली गाय, मेंढा, मेंढी, कोकरू आणि झाडामागे गुराखी दिसतो. दूरवर रायस्वाइकचे चर्च व आकाशात चंडोल आहे. अंगावरच्या माश्या, शेण, बेडूक यांनाही चित्रकाराने वगळलेले नाही.

विवेचन :
त्या काळी एवढा मोठा कॅनव्हास प्रामुख्याने धार्मिक, पौराणिक वा ऐतिहासिक विषयांसाठी योजला जाई. विशीतल्या पॉटरने तो एका जनावराला दिला, हे त्याचे धाडस होय. मात्र हा वळू कोणत्याही एका गोठ्यातला नाही. त्याची शिंगे, दात, गळ्याखालची पोळी व मागचा भाग यांवरून सूचित होणारी वये परस्परांशी जुळत नाहीत. कॅनव्हासही प्रारंभी लहान होता; पुढे दोन्ही बाजूंना व वर पट्ट्या जोडून इतर आकृत्यांना जागा केली गेली. फ्रेंच समीक्षक यूजेन फ्रोमांतँ याने १८७६ मध्ये या चित्राच्या रचनेतील उणिवा दाखवूनही त्यातील प्रामाणिकपणाची प्रशंसा केली होती. म्हणजेच येथे प्रत्येक अवयव निरीक्षणातून आला आहे, परंतु संपूर्ण दृश्य रचलेले आहे.

याचा परिणाम केवळ शरीररचनेपुरता मर्यादित नाही. माशी खरी वाटते, म्हणून प्रेक्षक गुराख्याच्या निवांतपणावरही विश्वास ठेवतो. वस्तुतः हॉलंडमधील पशुपालन अखंड श्रमांवर उभे होते. १६१२ मध्ये कोरडे केलेले बेमस्टर सरोवर हे बांध व पवनचक्क्यांच्या साहाय्याने जमीन मिळविण्याचे ठळक उदाहरण आहे. धारा काढणे, लोणी व चीज तयार करणे ही कामेही नित्याची होती. यांपैकी कशालाही या चित्रात स्थान नाही. बारीक तपशील अशा प्रकारे संपूर्ण चित्राचा जामीन ठरतो आणि श्रमांची अनुपस्थिती जाणवेनाशी होते.

निष्कर्ष :
‘तरुण वळू’मधील वास्तव तपशिलांत आहे, मांडणीत नाही. त्यामुळे पॉटरचे मोल कमी होत नाही. एका जनावराकडे इतक्या आदराने पाहण्याची त्याची दृष्टी असामान्यच आहे. तथापि अशा चित्रांना ग्रामजीवनाचा पुरावा म्हणून वापरताना, त्यांत काय दिसते यासोबतच काय वगळले आहे, हेही अभ्यासकाने विचारात घेणे आवश्यक ठरते.