न उडालेला सुपरमॅन

एका फोटोवरून मी एकदा एका चित्रपटाचा निकाल लावला होता. फोटो म्हणजे पोशाखाच्या चाचणीच्या वेळी काढलेला साधा पोलरॉइड. त्यात निकोलस केज उभा आहे. अंगावर निळा, चकचकीत, स्नायूंचे उंचवटे घडवलेला पोशाख, छातीवर सुपरमॅनची खूण, खांद्यापर्यंत रुळणारे लांब काळे केस आणि डोळे अर्धवट मिटलेले. ज्या चित्रपटासाठी ही चाचणी झाली तो कधी झालाच नाही. तरीही त्याच्याविषयी माझ्यासकट हजारो लोकांचे ठाम मत होते आणि ते या एका फोटोवर उभे होते.

पंधराएक वर्षांपूर्वी सुपरहिरोंच्या चित्रपटांवर लिहिताना मी या फोटोला दोन ओळी दिल्या होत्या. हा चित्रपट झाला नाही हे हॉलिवूडच्या शहाणपणाचे दुर्मीळ उदाहरण, अशा अर्थाच्या. वाचणाऱ्यांना त्या ओळी आवडल्या. मलाही आवडल्या होत्या. आज त्या मागे घेतो आहे. मात्र त्यासाठी तो चित्रपट थोर झाला असता असे म्हणण्याची मला गरज वाटत नाही.

आधी हकिगत. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅन कॉमिकमध्ये मेला. डूम्सडे नावाच्या राक्षसाशी लढता लढता त्याने प्राण सोडले आणि पुढच्या वर्षी तो परतला. या मरण-पुनर्जन्मावर चित्रपट काढायचे वॉर्नर ब्रदर्सने ठरवले. निर्माता होता जॉन पीटर्स. केविन स्मिथने पटकथा लिहिली, तिचे नाव ‘सुपरमॅन लिव्ह्ज’. निर्मात्याने आपल्याला तीन अटी घातल्या होत्या, असे स्मिथ नंतर रंगमंचावरून सांगत असे आणि प्रेक्षक पोट धरून हसत असत. सुपरमॅनने त्याचा नेहमीचा पोशाख घालायचा नाही, त्याने उडायचे नाही आणि शेवटच्या अंकात त्याची लढाई महाकाय कोळ्याशी व्हायला हवी. १९९७ मध्ये दिग्दर्शक म्हणून टिम बर्टन आला, नायक म्हणून केज आला, स्मिथची पटकथा बाजूला पडली. आधी वेस्ली स्ट्रिक आणि मग डॅन गिलरॉय यांनी नवे खर्डे लिहिले. चित्रपट १९९८ मध्ये, म्हणजे सुपरमॅनच्या साठाव्या वर्षी यायचा होता. पण ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ आणि ‘द पोस्टमन’ यांच्या अपयशाने कंपनीचे हात पोळले होते आणि इकडे खर्चाचा अंदाज फुगत चालला होता. १९९८ च्या वसंतात काम थांबवले गेले, ते कायमचेच. तोवर सुमारे तीन कोटी डॉलर खर्च झाल्याचे सांगितले जाते. कॅमेऱ्यासमोर मुख्य चित्रीकरणाचा एक दिवसही झाला नव्हता.

उरला तो वाद. बर्टन आणि केज यांना सुपरमॅनच्या परकेपणात रस होता. हा माणूस माणूस नाहीच, तो दुसऱ्या ग्रहावरून आलेला आहे, आपल्यात राहतो पण आपल्यातला होऊ शकत नाही, याचा त्याला काय त्रास होत असेल? ख्रिस्तोफर रीव्हने १९७८ मध्ये साकारलेला सुपरमॅन आत्मविश्वासाने हसणारा होता. हा तसा नसणार होता. एका बाजूचे चाहते म्हणत, ही सुपरमॅनवर लादलेली बॅटमॅनची कुंडली आहे. काळोख, एकलकोंडेपणा, जखम हे सगळे त्या दुसऱ्याचे. सुपरमॅनची थोरवी अशी की सगळे सामर्थ्य हातात असूनही तो साधा, सज्जन राहतो. ते काढले तर मागे फक्त अंगरखा उरतो. दुसरी बाजू म्हणे, नायक जिवंत ठेवायचा तर त्याला दर पिढीत नवा चेहरा द्यावाच लागतो. १९८८ मध्ये बॅटमॅनसाठी मायकेल कीटनची निवड झाली तेव्हा विनोदी नट म्हणून संतापाची हजारो पत्रे गेली होती. बर्टननेच तो चित्रपट केला आणि पुढे अनेकांना कीटनच खरा बॅटमॅन वाटू लागला. मग केजलाही एक संधी का नको?

पहिल्या बाजूचा आक्षेप मला आजही पोकळ वाटत नाही. नायक बदलता बदलता एका क्षणी दुसराच कोणी होतो आणि तो क्षण चाहत्यांना समीक्षकांच्या आधी कळतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. अडचण आक्षेपात नव्हती, पुराव्यात होती. ज्या गोष्टी ‘मूळ सुपरमॅनच्या विरुद्ध’ म्हणून हसण्यावारी नेल्या गेल्या, त्यांतल्या काहींची मुळे सुपरमॅनच्याच घरात होती. लांब केसांचेच घ्या. १९९३ मध्ये कॉमिकमधला सुपरमॅन मरणातून परतला तो खांद्यापर्यंत केस वाढवून. तसाच तो १९९६ मधल्या लग्नापर्यंत राहिला. म्हणजे चित्रपटाची जुळवाजुळव चालू होती त्या वर्षांत छापील सुपरमॅनचे केस लांबच होते. फोटोतल्या केसांना मी हसलो ते मी तेव्हाची कॉमिक्स वाचली नव्हती म्हणून. रद्दीच्या दुकानातून वाचली ती जुनी होती आणि त्यांतला सुपरमॅन हाच मूळ, अशी माझी समजूत होती.

न उडण्याची अट तर अधिकच मजेची. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी घडवलेला सुपरमॅन १९३८ च्या जूनच्या अंकावर प्रथम अवतरला तेव्हा त्याला उडता येत नव्हते. तो उडी मारत असे, एका झेपेत मैलाचा आठवा हिस्सा. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला रेडिओ आणि कार्टूनपट यांच्या हातात पडल्यावर तो उडू लागला. त्याला दुबळा करणारा क्रिप्टोनाइट कॉमिकमध्ये येण्याच्या कितीतरी आधी, १९४३ मध्ये, रेडिओवर आला. जिमी ऑल्सन हा त्याचा तरुण मित्रही रेडिओचीच देणगी. त्याही मागे गेलो तर १९३३ मध्ये या दोघांनी ‘सुपरमॅन’ नावाने जे पहिले पात्र लिहिले तो टक्कल पडलेला खलपुरुष होता. पीटर्सला यातले काही ठाऊक होते असे मी मुळीच म्हणत नाही. त्याच्या अटी निर्मात्याच्या लहरी होत्या आणि तो कोळी त्याने पुढच्याच वर्षी ‘वाइल्ड वाइल्ड वेस्ट’मध्ये यांत्रिक रूपात घुसवलाच. पण लहरीनेही कधीकधी माणूस जुन्या दाराशी जाऊन उभा राहतो.

फोटोविषयीचे माझे मत खरे बदलले ते जॉन श्नेपच्या माहितीपटाने. चाहत्यांच्या वर्गणीतून उभा राहिलेला हा माहितीपट २०१५ मध्ये आला आणि त्याचे नावच त्या चित्रपटाच्या मरणाची चौकशी करणारे आहे. त्यात पोशाखाच्या चाचणीच्या चित्रफिती आहेत. फोटोत थिजलेला तोच केज तिथे हलतो, वळतो, पोशाखात हात उचलून पाहतो. बाजूला बर्टन आहे. पात्र कसे असेल याचा दोघे मिळून विचार करताहेत, एकमेकांना सुचवताहेत. ते पाहताना कळले की आपण निकाल दिला तो पापणी लवतानाच्या एका क्षणावर. नाटकाच्या पहिल्या तालमीत डोकावून कोणी नटाला नापास करावे तसे ते होते.

याच्या उलट जो भक्तीचा सूर आता ऐकू येतो, की हा चित्रपट म्हणजे हरवलेली महान कलाकृती, तोही मला मान्य नाही. तीन लेखकांचे खर्डे, दर खर्ड्यात बदलणारी गोष्ट, निर्मात्याची अट म्हणून आलेला राक्षस. यातून गोंधळलेला चित्रपट निघण्याची शक्यता बरीच होती. पण गोंधळलेल्या चित्रपटावर बोलता येते. कुठे फसला, कुठे एखादे दृश्य अचानक खरे झाले, हे दाखवता येते. न झालेल्या चित्रपटाला हरताही येत नाही आणि जिंकताही येत नाही.

आणि इथे मला आपल्याकडच्या वाचकाचा अनुभव आठवतो. नायकाची नवी घडण आपल्याला नवी नाही. मराठीत १९६७ या एकाच वर्षी दोन कर्ण आले. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मधला तेजस्वी, अन्याय सोसणारा कर्ण आणि इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधला, ज्याच्या चुका त्यांनी निर्विकारपणे मोजून दाखवल्या तो कर्ण. कोणता खरा यावर घराघरांत भांडणे झाली. पण भांडणाऱ्याच्या हातात दोन पुस्तके होती आणि दोन्ही न पटणाऱ्याला तिसरे लिहायला मोकळीक होती. कन्नडमध्ये भैरप्पांनी ‘पर्व’ लिहिले, ओडियात प्रतिभा राय यांनी ‘याज्ञसेनी’. मल्याळममध्ये एम. टी. वासुदेवन नायर यांनी ‘रंडामूळम’मध्ये सदैव दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या भीमाला बोलते केले.

‘रंडामूळम’चे उदाहरण इथे फार जवळचे आहे, कारण त्यावरचाही चित्रपट झाला नाही. २०१७ मध्ये एक हजार कोटी रुपयांच्या खर्चाची घोषणा झाली, भीम म्हणून मोहनलालचे नाव जाहीर झाले. या कादंबरीवरच्या चित्रपटाला ‘महाभारत’ म्हणावे का यावर एक दृश्यही चित्रित होण्याआधी वाद पेटला. ठरलेल्या मुदतीत काम सुरू झाले नाही म्हणून २०१८ मध्ये लेखक न्यायालयात गेले आणि २०२० मध्ये तडजोड होऊन पटकथा त्यांना परत मिळाली. चित्रपट गेला. पण भीमाचे काय बिघडले? नव्याने घडवलेला तो भीम १९८४ पासून पुस्तकात आहे. मी तो इंग्रजी अनुवादात वाचला. ज्याला तो पटत नाही त्याने त्याच्याशी पानापानावर वाद घालावा. पडद्यावरचा भीम न आल्याने तो वाद थांबत नाही.

केजच्या सुपरमॅनला असे पुस्तक नाही. दोन्ही नायकांत मला दिसणारा फरक हा आहे. कर्णाचा मालक कोणी नाही. सुपरमॅनचा आहे. सीगल आणि शुस्टर यांनी त्याचे हक्क १९३८ मध्ये १३० डॉलरना विकून टाकले आणि उरलेला बराचसा जन्म ते परत मिळवण्याच्या झगड्यात घालवला. ज्यांनी नायक घडवला त्यांचाच त्याच्यावर अधिकार उरला नाही, तिथे चाहत्यांचा कुठून असणार? म्हणून त्यांचा वाद इतका कडवट होतो, असे मला वाटते. आपला सुपरमॅन कसा असावा हे ते सांगू शकतात, तो करून दाखवू शकत नाहीत. करून दाखवण्याचा परवाना एकाच दाराआड आहे आणि ते दार बंद झाले की हातात एक पोलरॉइड उरतो.

त्या दाराआडून उत्तर आले ते २०२३ मध्ये. ‘द फ्लॅश’ या चित्रपटात विश्वे एकमेकांवर आदळतात त्या प्रसंगी काही क्षण लांब केसांचा केज सुपरमॅन दिसतो आणि तो एका महाकाय कोळ्याशी लढत असतो. चित्रपटगृहात माझ्या आसपास शिट्ट्या वाजल्या. केजने पुढे मुलाखतीत सांगितले की आपल्याकडून चित्रित करून घेतले ते वेगळेच होते. एका विश्वाचा अंत पाहत उभे राहायचे आणि ते दुःख डोळ्यांतून दाखवायचे, एवढेच. कोळ्याशी लढणारा तो आपण नव्हतो. पंचवीस वर्षांनी त्या नटाला एक गोष्ट करायला मिळाली, पाहणाऱ्याच्या डोळ्यांतली व्यथा, म्हणजे तोच परकेपणा ज्यासाठी ती भूमिका त्याला हवी होती. पडद्यावर पोहोचली ती मात्र चाहत्यांना पाठ असलेली थट्टा. नव्या घडणीतला विचार गळला आणि तिच्यावरचा विनोद तेवढा कंपनीने जपला. माझ्या त्या दोन ओळींचाही विनोद तोच होता. फरक एवढाच की माझ्याकडे संगणकावर चित्रे घडवणारे लोक नव्हते.

म्हणून त्या ओळी मी मागे घेतो आहे. झलक, पोस्टर, चोरून बाहेर आलेला एखादा फोटो यांवर मत देणे आता आमच्या धंद्याचा भाग झाला आहे आणि मी ते पूर्णपणे सोडीन अशी शपथ घेत नाही. पण अशा वेळी ‘चित्रपट’ हा शब्द मी वापरणार नाही. फोटो पाहिला, असे लिहीन.

शेवटी एक तारीख. अमेरिकी कायद्यानुसार १९३८ च्या त्या पहिल्या अंकाचा स्वामित्वहक्क १ जानेवारी २०३४ रोजी संपेल. त्या दिवसापासून त्या अंकातला सुपरमॅन कर्णासारखा होईल, कोणीही लिहावा असा. त्याला क्रिप्टोनाइट ठाऊक नसेल, कारण तो नंतर आला. नंतरच्या सुपरमॅनवरचे हक्क आणखी काही वर्षे कंपनीकडेच राहतील. सगळ्यांच्या मालकीचा आधी होणार आहे तो सुपरमॅन, ज्याला उडता येत नाही.