एका खोट्या निधनवार्तेचे परीक्षण

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात कथा, कविता, नाटक यांचे परीक्षण यावे, असा रिवाज आहे. आम्ही आज अवघ्या चार ओळींच्या एका मजकुराचे परीक्षण करावयास बसलो आहोत. हा मजकूर कोणत्याही ग्रंथात छापलेला नाही. तो मोबाइलच्या पडद्यावर अवतरला, काही तासांत देशभर पसरला आणि दुसऱ्या दिवशी खोटा ठरला. तरीही त्याची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण त्या चार ओळींनी लेखनाच्या एका फार जुन्या प्रकाराला हात घातला होता. तो प्रकार म्हणजे निधनवार्ता.

निधनवार्तेला कोणी वाङ्मयात जमा धरीत नाही. पण तिच्याइतकी काटकसरीची आणि जबाबदारीची रचना क्वचितच आढळेल. आपल्या धर्मग्रामांत अवेळी चर्चची घंटा संथपणे वाजू लागली, की हातातले काम थांबते. घरातली वडीलधारी माणसे क्रुसाची खूण करतात आणि मग ‘कोण गेले?’ म्हणून चौकशी सुरू होते. ‘कशावरून?’ असे घंटा वाजविणाऱ्यास कोणी विचारीत नाही. हा विश्वास त्याला फुकट मिळालेला नसतो. निरोप घरच्या माणसाने फादरांना दिलेला असतो, फादरांनी तो त्याला सांगितलेला असतो, आणि यांपैकी प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी त्याच गावात तोंड दाखवायचे असते. निधनवार्तेचे सारे बळ या साखळीत आहे.

आता त्या चार ओळींकडे वळू. शुक्रवार, दिनांक २ फेब्रुवारी २०२४ रोजी पूनम पांडे या मॉडेल व अभिनेत्रीच्या इन्स्टाग्राम खात्यावर एक निवेदन प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने तिचे निधन झाले असून या दुःखाच्या प्रसंगी आमचा खाजगीपणा जपावा, असा त्याचा आशय होता. २०११ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी केलेल्या एका सवंग घोषणेमुळे ही तरुणी प्रसिद्धीस आली होती. वय अवघे बत्तीस. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी बातमी उचलली, वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी मथळे दिले, चित्रपटसृष्टीतील मंडळींनी शोक व्यक्त केला. शनिवारी, ३ फेब्रुवारीस, ती स्वतः चित्रफितीतून प्रकटली. आपण जिवंत आहोत, या रोगाविषयी जागृती व्हावी म्हणून हे सारे केले, असे तिने सांगितले. पुढे या मोहिमेत सहभागी असलेल्या जाहिरात संस्थेने, ज्यांची मने दुखावली त्यांची जाहीर माफी मागितली.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. शुक्रवारी ती वार्ता आमच्याही मोबाइलवर येऊन थडकली आणि आम्ही ती, ‘तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करू या’ अशी ओळ जोडून, आमच्या वाचक मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवून दिली. त्या गटात आमच्याच धर्मग्रामातील एक भगिनी आहेत. त्यांच्यावर त्या वेळी याच रोगासाठी उपचार चालू होते. हे आम्हांस ठाऊक होते आणि तरीही, पाठविताना, ते आमच्या ध्यानी आले नाही. शनिवारी सायंकाळी त्यांचा फोन आला. “सर, काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मनात आलं, तिच्याकडे एवढा पैसा असून ती वाचली नाही, तर माझं काय? आज म्हणे ती जिवंत आहे. बरंच झालं. पण मग काल मी रडले ती कोणासाठी?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. प्रस्तुत लेख त्याच प्रश्नातून निघाला आहे.

रचना म्हणून पाहिले, तर त्या मजकुराची बांधणी चोख होती, हे मान्य केले पाहिजे. मजकूर आला तो खुद्द तिच्या खात्यावरून. म्हणजे गावच्या भाषेत बोलायचे, तर घरच्या माणसाचाच निरोप. खाजगीपणा जपण्याची विनंती अशी, की तपास करू पाहणाऱ्याला आपण असभ्य ठरू असे वाटावे. वेळही नेमकी साधलेली. आदल्याच दिवशी, १ फेब्रुवारीला, केंद्रीय अर्थमंत्र्यांनी अंतरिम अर्थसंकल्प मांडताना नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना या रोगाची प्रतिबंधक लस देण्यास उत्तेजन देण्याचे जाहीर केले होते, आणि ४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन होता. खऱ्या निधनवार्तेची सारी लक्षणे येथे हजर होती. गैरहजर होते ते फक्त निधन.

अशी वार्ता वणव्यासारखी का पसरते, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० वार्ता तपासल्या आणि २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. खरी वार्ता पुढे पाठविली जाण्याची जितकी शक्यता, त्याहून खोट्या वार्तेची सत्तर टक्क्यांनी अधिक, असे त्यांना आढळले. खोटी वार्ता अधिक नवलाची असते आणि नवल सांगण्याची घाई माणसाला आवरत नाही. हा दोष यंत्राच्या माथी मारावा, तर तेही जमत नाही. आपोआप संदेश धाडणारी यांत्रिक खाती हिशेबातून वगळली, तरी निष्कर्ष बदलला नाही. कंडी पिकविणारी माणसेच होती. आमच्यासारखी, तुमच्यासारखी, बहुधा सद्हेतूनेच पाठविणारी.

या माणसांच्या घाईवर आता एक व्यापार उभा आहे. समाजमाध्यमे चालविणाऱ्या कंपन्यांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींतून येते. वाचक जितका वेळ पडद्याला खिळून राहील, तितक्या जाहिराती त्याला दाखविता येतात. ज्या मजकुरावर लोक थबकतात, हळहळतात, भांडतात, तोच मजकूर यंत्रणा आणखी लोकांपुढे सरकविते. तो खरा की खोटा, हे तिच्या तराजूत तोललेच जात नाही. ‘ती गेली’ या बातमीला एक गर्दी, ‘ती जिवंत आहे’ या बातमीला दुसरी, आणि ‘हिला शिक्षा करा’ या संतापाला तिसरी. तिन्ही गर्दींचे पीक एकाच खळ्यावर येते. म्हणून प्रसिद्ध व्यक्ती, अफवा आणि जाहिरात या तीन गोष्टी आता निरनिराळ्या राहिलेल्या नाहीत. या चार ओळींत त्या एकजीव झाल्या, एवढेच त्यांचे नावीन्य.

आमचा मुख्य आक्षेप येथे येतो. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींसाठी नियम केले. पैसे किंवा अन्य लाभ घेऊन एखाद्या वस्तूची भलामण केली असेल, तर ती जाहिरात आहे असे स्पष्ट लिहावे, हा त्यांचा गाभा. साबणाची वडी हातात धरून हसणाऱ्या नटीनेही सांगावे, की ही जाहिरात आहे. मग जाहिरात संस्थेच्या साहाय्याने रचलेल्या मृत्यूवर कोणती चिठ्ठी लावली होती? अर्थात, तशी चिठ्ठी लावली असती, तर ती क्लृप्ती उभीच राहिली नसती. जो मजकूर आपले खरे स्वरूप सांगताच कोसळतो, त्याला प्रबोधन म्हणावयास आमची लेखणी धजत नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. हा रोग खरोखर भयंकर आहे. भारतीय स्त्रियांत आढळणाऱ्या कर्करोगांत त्याचा क्रमांक स्तनाच्या कर्करोगाखालोखाल लागतो. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात वर्षाकाठी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना तो जडतो आणि सुमारे सत्याहत्तर हजार त्याला बळी पडतात. वस्तुतः तो बऱ्याच अंशी टाळता येतो. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे तो होतो, त्यावर लस आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेली देशी लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. वेळेवर तपासणी झाली, तर रोग होण्याआधीची लक्षणे सापडतात. संकोचापायी आपल्या आयाबहिणी हा विषय तोंडातून काढीत नाहीत. त्या दोन दिवसांत मात्र घरोघरी त्याचे नाव निघाले. तिच्या आईनेही कर्करोगाशी झुंज दिली होती, असे त्या संस्थेने सांगितले. ते आम्ही खोटे मानीत नाही. हेतू चांगला असेलही.

परंतु चांगल्या हेतूसाठी खोटे बोलावे काय, हा प्रश्न आजचा नाही. संत ऑगस्टीनने या एका विषयावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि सत्कार्यासाठी बोललेले असत्यही असत्यच, असा निर्वाळा दिला. हा निर्णय कोणाला फार कठोर वाटेल. त्याने निदान फळाकडे पाहावे. आणि त्यासाठी तुलनेला एक खरी कहाणी उपलब्ध आहे.

जेड गुडी ही इंग्लंडमधील दूरचित्रवाणीवर गाजलेली तरुणी. २००७ साली तेथील ‘बिग ब्रदर’ या कार्यक्रमात शिल्पा शेट्टीला तिने दिलेल्या वागणुकीमुळे तिच्यावर वंशद्वेषाचा ठपका आला होता. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००८ मध्ये, ती आपल्याकडील ‘बिग बॉस’ या कार्यक्रमात आली. त्याच घरात असताना तिला कळले, की आपल्याला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आहे. ती मायदेशी परतली आणि २२ मार्च २००९ रोजी, सत्ताविसाव्या वर्षी, मरण पावली. तिनेही आपल्या आजारपणाची प्रसिद्धी केली, लग्नसोहळ्याची छायाचित्रे विकली. दोन लहान मुलांच्या भवितव्यासाठी आपण पैसा जोडीत आहोत, हे उघड सांगितले. सभ्य लोकांनी तेव्हाही नाके मुरडली. पण रोग खरा होता, भय खरे होते, मरण खरे होते. इंग्लंडमध्ये त्या सुमारास नेहमीपेक्षा चार लाखांहून अधिक स्त्रिया तपासणीसाठी पुढे आल्या, असे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. पुढे हा ओघ ओसरला, हेही खरे. तथापि त्या स्त्रियांपैकी एकीलाही, ‘मी फसले’ असे म्हणण्याची पाळी आली नाही. बाजार दोन्हीकडे होता. फरक एवढाच, की एकीने आपले दुःख बाजारात नेले आणि दुसरीने बाजारासाठी दुःख घडविले.

चुका पूर्वी होत नव्हत्या, असे आमचे म्हणणे नाही. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात असताना त्यांच्या निधनाची वार्ता खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत सांगितली. जयप्रकाशजी जिवंत होते. त्यांचे निधन झाले ते ८ ऑक्टोबर १९७९ रोजी. चूक लाजिरवाणी होती. पण ती कोणाच्या मुखातून झाली हे सबंध देशाला ठाऊक होते, आणि बोलणाऱ्याला जाब विचारता येत होता. आजच्या वार्तेला मुख नसते. नुसते हात असतात. ‘मला आली, मी पाठविली’ एवढ्यावर प्रत्येक जण मोकळा होतो. हे मोकळे होणे किती महागात पडते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, जमावाने भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. देशात अशा घटना वाढल्या, तेव्हा त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा भारतासाठी जाहीर केली. हाताला आवर हवा, हे यंत्राच्या मालकालाही पटले होते.

आमच्या त्या भगिनींचा प्रश्न शिल्लक राहतो. ‘काल मी रडले ती कोणासाठी?’ त्यांचे अश्रू वाया गेले, असे आम्ही म्हणणार नाही. ते एका अनोळखी बाईसाठी होते आणि खरे होते. पण असे दोनचार वेळा फसलेले मन पुढच्या खऱ्या वार्तेलाही, ‘बघू, उद्या काय निघते ते’ असे म्हणू लागते. घंटा वाजते आणि हातातले काम थांबत नाही. या चार ओळींनी केलेले खरे नुकसान ते. त्याची भरपाई माफीच्या निवेदनाने होत नाही.

त्या शनिवारी रात्री आम्ही वाचक मंडळाच्या गटावर दोन वाक्ये लिहिली: काल आम्ही पाठविलेली वार्ता खोटी होती, खातरजमा न करता पाठविली, याबद्दल क्षमा असावी. आदल्या दिवशीची वार्ता अनेकांनी पुढे धाडली होती. ही दोन वाक्ये कोणीही पुढे धाडली नाहीत. त्या भगिनींचे मात्र उत्तर आले. पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी कळविली होती आणि प्रार्थना करावी, असे लिहिले होते. ती वार्ता खरी होती, आमच्यापुरती होती, आणि आम्ही ती कोणालाही पाठविली नाही.