यंत्रासाठीं लिपि कीं लिपीसाठीं यंत्र ?

कुलाबा जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें; परंतु अलिबागेस कचेरीच्या कामाला आलेल्या माणसाची चिंता नांवाबरोबर बदलली नाहीं. रेवसकडून आलेला कोळी असो, चौल-रेवदंड्याचा बागाईतदार असो, वा पेणकडचा कुळवाडी असो, त्याच्या हातांत एक कागद असतो, आणि त्या कागदाची दुसरी प्रत त्याला हवी असते. पूर्वीं अशा कचेऱ्यांच्या आसपास टंकलेखन-यंत्रांची खडखड चालत असे. आतां तेथें “झेरॉक्स” अशी पाटी असते, दोन रुपयांच्या आंतबाहेर एक पान मिळतें आणि मनुष्य आपल्या वाटेनें निघून जातो. एका परदेशी कंपनीचें नांव आमच्या भाषेंत सामान्यनाम होऊन बसलें, इतका तो व्यवहार नित्याचा झाला आहे. ज्या वस्तूचें नांव भाषेंत मुरतें तिची परीक्षा भाषेच्या अभ्यासकानें करूं नये, असें कोणी म्हणेल काय ? तरी तशी परीक्षा आमच्या टीकावाङ्मयांत फारशी होत नाहीं. ग्रंथाचा गुणदोष आम्ही पाहतों; ज्या यंत्रानें तो ग्रंथ किंवा तो कागद आमच्या हातीं दिला, त्याचा गुणदोष मात्र कारागिराकडे सोंपवितों.

या बाबतींत आमच्यावर दोन विद्वानांचे मोठे उपकार आहेत. कै. अनंत काकबा प्रियोळकर यांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत, गोव्यास १५५६ सालीं आलेल्या पहिल्या मुद्रणयंत्रापासून हिंदुस्थानांतील मुद्रणाचा आरंभकाळ उभा केला. कै. बापूराव नाईक यांनीं १९७१ सालीं देवनागरीच्या अक्षरमुद्रणाचा इतिहास विस्तारानें लिहिला. दोहोंच्या व्यासंगाविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. परंतु एकाचा विषयच आरंभापुरता होता, आणि दुसऱ्याच्या ग्रंथानंतर यंत्रविद्येनें अशी कांहीं उडी घेतली कीं, त्या ग्रंथांत जो प्रश्न मुख्य होता तोच उलटा झाला. तो प्रश्न हा : यंत्राला सोयीचें व्हावें म्हणून लिपीनें आपलें रूप टाकावें, कीं लिपीचें रूप राखील असें यंत्र शोधावें ?

आमच्या मतें, नक्कल करणाऱ्या यंत्रांचे मूळचे दोनच वर्ग आहेत. एक वर्ग पानाकडे चित्र म्हणून पाहतो. दुसरा वर्ग पानाचे तुकडे करतो आणि ते पुन्हां जुळवितो. पहिल्या वर्गाचा आद्य पुरुष म्हणजे शिळाछाप. बव्हेरियांतील आलोइस झेनेफेल्डर यानें १७९६ च्या सुमारास ही युक्ति काढली. तेलकट शाईनें दगडावर अक्षर काढावें, दगड ओला करावा, आणि वरून शाईचा रूळ फिरवावा. पाणी शाईला हटवितें, अक्षर तिला धरून ठेवितें. या दगडाला अक्षर कोणत्या लिपीचें आहे हें ठाऊक नसतें, आणि तीच त्याची थोरवी. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें तें याच रीतीनें. जोडाक्षर कितीहि गुंतागुंतीचें असो, लेखकाच्या बोरूनें तें काढलें कीं दगडानें तें उचललें. त्या छापेंत हाताची लय आहे, आणि जुन्या पोथीचें नातें तुटलेलें नाहीं.

दुसऱ्या वर्गांत खिळ्यांची छपाई येते. टॉमस ग्रॅहम यांनीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत मराठी अक्षरांचे ठसे सुधारले; त्याच छापखान्यांत लहानपणीं काम शिकलेल्या जावजी दादाजी यांनीं पुढें निर्णयसागर काढला, आणि त्याच्या टाइपांस सर्व देशांत मान मिळाला. त्या अक्षराची सुबकता आजहि डोळ्याला सुख देते. परंतु तिची किंमत जुळाऱ्याला विचारावी. रोमन लिपीच्या जुळाऱ्याला जेथें शंभर-दीडशें घरांत काम भागे, तेथें देवनागरीच्या जुळाऱ्यासमोर कित्येक शेंकडे घरें मांडलेलीं असत. मुंबईच्या ‘डिग्री’ पद्धतींत तर ओळीचे तीन मजले : मधल्या मजल्यावर अक्षर, वरच्या मजल्यावर मात्रा-वेलांटी-रफार, खालच्या मजल्यावर उकार. प्रत्येक मजला निराळा जुळवावयाचा आणि तिन्ही मिळून एक ओळ व्हावयाची. ही कारागिरी खरी, पण ती महाग कारागिरी होती.

येथेंच शंकर आबाजी भिसे यांची आठवण येते. मुंबईस १८६७ सालीं जन्मलेल्या या कल्पक पुरुषानें लंडनला व पुढें अमेरिकेंत जाऊन खिळे ओतण्याचें यंत्र सिद्ध केलें. दादाभाई नौरोजींनीं त्याला आधार दिला, रतन टाटांनीं भांडवल दिलें, आणि १९३५ सालीं न्यूयॉर्क येथें त्याचा अंत झाला. त्याला ‘हिंदी एडिसन’ म्हणून गौरविण्यांत आम्ही धन्यता मानतों, आणि ती योग्यच आहे. पण टीकाकारानें एवढ्यावर थांबूं नये. खिळे कितीहि वेगानें ओतले तरी लिपीला लागणाऱ्या खिळ्यांचे प्रकार कमी होत नाहींत. वेगाचा प्रश्न सुटला; विविधतेचा प्रश्न होता तेथेंच राहिला.

तो सोडविण्याचा भार मग यंत्रावर न पडतां लिपीवर पडला. लोकमान्य टिळकांनीं टाइपांची संख्या घटविण्यासाठीं परिश्रम केले. सावरकरांनीं इ, ई, उ, ऊ यांच्याऐवजीं अ-ची बाराखडी सुचविली, व ती कांहीं नियतकालिकांनीं चालविलीहि. १९५३ सालच्या लखनौ परिषदेनें तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचें ठरविलें. लोकांस तें रुचलें नाहीं आणि थोड्याच वर्षांत तो निर्णय मागें पडला. कचेरींतील टंकलेखन-यंत्रानें तर कोणाला न विचारतांच सुधारणा करून टाकली. चाळीस-पंचेचाळीस कळा, प्रत्येक कळेवर दोन खुणा, आणि तेवढ्यांत सारी बाराखडी बसवावयाची ! तेव्हां जोडाक्षरें मोडलीं, अर्धीं अक्षरें पुढच्या अक्षरापासून फटकून उभीं राहिलीं, आणि उकार कोठें तरी खालीं लोंबूं लागला. सरकारी पत्राचें मराठी रुक्ष वाटतें याचा दोष आम्ही भाषेला देतों; त्यांतला कांहीं वांटा त्या कळांचाहि आहे.

या सुधारकांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांना देश साक्षर करावयाचा होता, वर्तमानपत्र स्वस्त करावयाचें होतें, आणि त्यांच्यासमोर जें यंत्र होतें त्याच्याशींच त्यांना व्यवहार करणें भाग होतें. परंतु त्यांच्या विचारांत एक गृहीत गोष्ट होती : यंत्र कायमचें, लिपि बदलणारी. इतिहासानें नेमकें याच्या उलट दाखविलें. यंत्रें गेलीं, लिपि राहिली.

हा उलटा न्याय ज्यानें घडविला तो लिपिशास्त्रज्ञ नव्हता. चेस्टर कार्लसन हा अमेरिकेंतील एका कारखान्याच्या पेटंट खात्यांत काम करणारा मनुष्य. आलेख व मजकूर यांच्या प्रती पुनःपुन्हां कराव्या लागत, आणि संधिवातानें हात दुखत. नक्कल करण्याचीं साधनें तोंपर्यंत नव्हतीं असें नाहीं. जेम्स वॅटनें १७८० सालींच ओलसर पातळ कागद दाबून पत्राची प्रत उठविण्याची युक्ति काढली होती. पुढें मेणकागदाचें सायक्लोस्टाइल आलें आणि सभा-संस्थांच्या पत्रकांना तें मोठें वरदान ठरलें. पण त्यांत मूळ कागद प्रतीसाठींच तयार करावा लागे. आधींच लिहिलेला, छापलेला, शिक्का मारलेला कोणताहि कागद जसा आहे तसा साध्या कागदावर उतरविणें, ही कार्लसनची कल्पना. २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्कमधील अॅस्टोरिया येथें त्यानें व ऑटो कोर्नाय या मदतनिसानें गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा घासून त्यावर वीज चढविली. कांचेवर लिहिलेल्या तारखेवर उजेड टाकला. जेथें उजेड पडला तेथील वीज गेली, जेथें अक्षराची सावली पडली तेथील राहिली. वरून भुकटी टाकतांच ती अक्षरावर चिकटली. मेणकागदावर ती उठवून तापविली, आणि पहिली कोरडी नक्कल तयार झाली. यापुढें बाजारांत यंत्र यावयास १९५९ साल उजाडलें, ही गोष्ट अधीर संशोधकांनीं लक्षांत ठेवावी.

या यंत्राची टीका करावयाची तर प्रथम म्हटलें पाहिजे कीं, तें शिळाछापाचेंच वंशज आहे. त्यालाहि लिपि कळत नाहीं. आणि म्हणूनच तें कोणत्याहि लिपीवर अन्याय करीत नाहीं. ज्या देवनागरीला टंकलेखन-यंत्रानें मोडून घेतलें, तिला या यंत्रानें निमूटपणें उचलून घेतलें. पुढें गॅरी स्टार्कवेदर यांनीं १९७१ च्या सुमारास त्याच तत्त्वाला लेसरच्या किरणाची जोड दिली, तेव्हां अक्षर म्हणजे सूक्ष्म ठिपक्यांची रांगोळी झाली. खिळ्यांचीं घरें संपलीं, तीन मजलेहि संपले. तुकड्यांची जुळणी आणि चित्राची नक्कल हे दोन वर्ग येथें एक झाले : आंत संकेतांचे तुकडे, बाहेर पूर्ण चित्र. कै. र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षररचनाकाराला संगणकासाठीं ‘मंगल’ हें वळण घडवितां आलें, त्याला हा पाया होता. तरी येथेंहि मराठीला आपला ‘ल’ आणि ‘श’ मागून घ्यावा लागला. हिंदी वळण आपोआप आलें, मराठी वळणासाठीं सरकारला २००९ सालीं वर्णमालेचा निर्णय काढावा लागला. यंत्र मोकळें झालें म्हणून जागरूकतेचें काम संपलें नाहीं, एवढेंच यावरून दिसतें.

परंतु या यंत्राचें खरें मोल रायगडच्या किनाऱ्यावर सौंदर्यशास्त्रानें ठरणार नाहीं. येथें जमिनीचा कागद हा माणसाच्या पोटाचा प्रश्न होता व आहे. अलिबाग तालुक्यांतील चरी येथील शेतकऱ्यांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीन न कसण्याचा संप चालविला. १९३७ सालीं ‘कृषीवल’ पत्र निघालें, आणि त्याच सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबई कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक आणलें. त्या काळीं अक्षरओळख नसलेल्या कुळाला कबुलायतीवर अंगठा उठवावा लागे. मजकूर काय आहे हें तो दुसऱ्याच्या तोंडून ऐके, आणि नक्कल हवी तर कारकुनाच्या सवडीची व मर्जीची वाट पाही. ज्याच्या हातीं वही त्याच्या हातीं जमीन. अशा प्रदेशांत जें यंत्र कोणाचाहि कागद, कोणाचीहि जात वा ऐपत न विचारतां, क्षणांत दुसरा करून देतें, तें केवळ सोयीचें यंत्र नव्हे. त्यानें नक्कल करण्याचा अधिकार मोजक्या हातांतून काढून रस्त्यावर आणला. खोती कायद्यानें गेली. खोताच्या वहीचा दरारा जाण्यास असल्या यंत्राचाहि हातभार लागला, असें म्हणण्यांत अतिशयोक्ति नाहीं.

आतां दोष सांगितला पाहिजे, कारण स्तुतिपाठ म्हणजे टीका नव्हे. जें यंत्र लिपि जाणत नाहीं तें वाचूंहि शकत नाहीं. या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जपलेले कित्येक दस्त मोडींत आहेत. जानेवारी १९२४ नव्हे, जानेवारी २०२४ मध्यें शिवडीहून न्हावा-शेव्याकडे येणारा सागरी सेतु खुला झाला. मुंबई जवळ आली, आणि शंभर वर्षें पेटींत पडलेला कागद एकाएकीं बोलावयास हवा झाला. नातू तो कागद घेऊन दुकानांत जातो. यंत्र त्याला मोडीची अगदीं हुबेहूब प्रत देतें. रफार, लपेटा, शाईचा डागसुद्धां चुकत नाहीं. पण त्यांत आजोबांनीं काय लिहून दिलें हें त्याला कळत नाहीं, आणि दुकानदारालाहि कळत नाहीं. पूर्वीं कुळाला वाचतां येत नव्हतें म्हणून तो परस्वाधीन होता; आज पदवीधर नातू त्याच कागदापुढें त्याच्या पणज्याइतकाच निरक्षर आहे. एकाच्या दहा प्रती झाल्यानें ज्ञान दसपट होत नाहीं.

मोडीला २०१४ सालीं युनिकोडमध्यें स्थान मिळालें, ही आनंदाची गोष्ट. म्हणजे यंत्राच्या आंतील तुकड्यांच्या जगांतहि तिला घर मिळालें. पण घराला माणसें लागतात. ज्या जिल्ह्याच्या दप्तरांत मोडी आहे त्या जिल्ह्याच्या शाळा-महाविद्यालयांतून मोडी वाचणारे दरसाल निघतील, तेव्हांच त्या स्थानाचा उपयोग.

आरंभीं मांडलेल्या प्रश्नाचें उत्तर आमच्या मतें स्पष्ट आहे. यंत्रासाठीं लिपि मोडूं नये. कारण ज्या यंत्रासाठीं ती मोडावी तें यंत्र एका पिढींत भंगारांत जातें. पण लिपीसाठीं यंत्र मिळालें म्हणजे लिपि वांचली, असेंहि नव्हे. अक्षराचें रूप राखणें हें यंत्राचें काम, तें त्यानें उत्तम केलें. अक्षराचा अर्थ राखणें हें आमचें काम, आणि तें मात्र आम्हीं दुकानाच्या पाटीखालीं ठेवून दिलें आहे.