विश्वेश्वरय्यांचा हैदराबाद-वृत्तांत : एक परीक्षण

सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांचें ‘मेमॉयर्स ऑफ माय वर्किंग लाइफ’ हें आत्मवृत्त इ. स. १९५१ सालीं प्रसिद्ध झालें. परभणी जिल्हा इ. स. १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. सबब या ग्रंथांतील हैदराबादेविषयींचा भाग आमच्याकडील संशोधकांनीं साधन म्हणून तपासणें अगत्याचें आहे.

ता. २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुशी नदीस महापूर येऊन राजधानीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. पुढील वर्षीं दरबारानें विश्वेश्वरय्यांस पाचारण करून तीन कामें सोंपविलीं : नगराच्या पुनर्रचनेस साह्य, पुरापासून बचावाची योजना, आणि हैदराबाद व चादरघाट यांच्या मलनिःसारणाची संपूर्ण आंखणी. पुराची मीमांसा करतांना ते केवळ पर्जन्यास दोष देऊन थांबत नाहींत. पाणलोटांत ७८८ तलाव होते व त्यांपैकीं २२१ फुटले, हा हिशेब ते पुढें मांडतात. दैवी म्हटलेल्या आपत्तीचीं कारणें अशीं मोजून दाखविणें, ही पद्धत इतिहासाच्या अभ्यासकासही अनुकरणीय आहे.

परंतु तिसऱ्या कामाची हकीकत या मानानें तोकडी वाटते. उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय कोणासही दिसतात. त्यांची कीर्ति ग्रंथाविनाही टिकेल. गटार मात्र जमिनीखालीं जातें. त्याचा नकाशा, उताराचे आंकडे व मोजणीच्या वह्या हींच काय तीं त्याचीं स्मारकें. मैला व पावसाचें पाणी एकाच मार्गानें न्यावें कीं निरनिराळें, हा अशा योजनेंतील कळीचा प्रश्न होय. मार्ग एक ठेवल्यास अतिवृष्टींत तो अपुरा पडून मैला रस्त्यावर वा नदींत उसळतो. लंडनांत इ. स. १८५८ च्या दुर्गंधीनंतर बाझलगेट यांनीं एकत्र मार्गच पत्करला; त्यांतून थेम्समध्यें होणारी गळती रोखण्यासाठीं २५ किलोमीटरांचा बोगदा खणावा लागला व तो इ. स. २०२५ मध्यें पूर्णपणें जोडला गेला. पहिल्या आंखणीचें ऋण पुढील पिढ्या असें फेडतात. म्हणूनच या प्रश्नाचें सविस्तर विवेचन ग्रंथकर्त्यानें करावयास हवें होतें. त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा होता ?

हा दोष एकट्या ग्रंथकर्त्याचा नव्हे, आमच्या संग्राहकांचाही आहे. मोडी रुमाल दिसला कीं आम्ही तो जपून ठेवतों. उर्दू दफ्तरांतील नाल्याचा नकाशा वा तलावाची नोंद मात्र रद्दींत जाऊं देतों. परभणीस इ. स. २०११ मध्यें महानगरपालिका झाली. वाढत्या शहरांत भुयारी गटारें आंखतांना जुना ओढा कोठून वाहत होता, कोणती विहीर वा तळें बुजविलें, हें कळलें नाहीं, तर पाणी आपली जुनी वाट पहिल्याच मुसळधार पावसांत शोधून काढील. उर्दू जाणणारांचें साह्य घेऊन असे कागद जमवावे व त्यांची यादी करून नगरपालिकेच्या अभियंत्यांस दाखवावी. विश्वेश्वरय्यांनीं तलाव मोजले. निदान आपल्या गांवचे नाले मोजण्याइतकें साहित्य आपण राखावें.