शत्रूच्या घरचा विलाप : एस्किलसचे ‘पर्शियन्स’

बायबलमधील एस्तेरचे पुस्तक ज्यांनी वाचले आहे, त्यांना शूशनचा राजवाडा अपरिचित नाही. हिंदुस्थानापासून कूशपर्यंत सत्ता गाजविणारा अहश्वेरोश राजा तेथे दिवसचे दिवस मेजवान्या देतो आणि त्याच्या एका शब्दावर प्रजेचे जीवित-मरण ठरते. हा अहश्वेरोश म्हणजे पर्शियाचा सम्राट झर्क्सिस, असे बहुतेक अभ्यासक मानतात. याच शूशन नगरीत, म्हणजे ग्रीकांच्या सुसामध्ये, याच राजाची वाट पाहणाऱ्या वृद्ध सरदारांच्या मुखाने एका ग्रीक नाटकाचा आरंभ होतो. नाटककार एस्किलस, नाटक ‘पर्शियन्स’, पहिला प्रयोग इ.स.पू. ४७२, अथेन्स. आज संपूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेल्या ग्रीक नाटकांत हे सर्वांत जुने. उपलब्ध ग्रीक शोकांतिकांपैकी पुराणकथेऐवजी समकालीन घटनेवर रचलेली शोकांतिका ही एवढीच.

या नाटकाचा विचार करताना त्याचे प्रेक्षक कोण होते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. अवघ्या आठ वर्षांपूर्वी, इ.स.पू. ४८० मध्ये, झर्क्सिसच्या सैन्याने अथेन्स जाळले होते. ज्या अक्रॉपोलिस टेकडीच्या उतारावर प्रेक्षक बसले होते, तिच्या माथ्यावरील मंदिरे त्या आगीत भस्मसात झाली होती. सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत पर्शियन आरमाराचा विध्वंस ज्यांनी आपल्या वल्ह्यांनी केला, ते नावाडी प्रेक्षकांत असणारच. खुद्द एस्किलस इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणांगणावर लढला होता आणि त्याचा भाऊ किनेगिरस तेथेच धारातीर्थी पडला होता. अशा माणसाने अशा लोकांसमोर विजयाचा पोवाडा गायिला असता, तर कोणीही त्याला दोष दिला नसता. त्याने रंगभूमीवर आणला तो शत्रूच्या घरचा विलाप. समूहगायकांचा खर्च तरुण पेरिक्लीझने उचलला आणि नाटकाला पहिले पारितोषिक मिळाले.

पण येथेच एक शंका मनात येते. इ.स.पू. ४९४ मध्ये पर्शियनांनी मिलेटस हे आयोनियन ग्रीकांचे नगर उद्ध्वस्त केले. त्यावर फ्रिनिकस या नाटककाराने नाटक लिहिले, तेव्हा सारे प्रेक्षागृह ढसाढसा रडले. हिरोडोटस सांगतो, की आपल्याच दुःखाची आठवण करून दिली म्हणून अथेन्सने फ्रिनिकसला एक हजार द्राख्मांचा दंड केला आणि त्या नाटकावर कायमची बंदी घातली. आप्तांचे दुःख ज्यांना सोसवले नाही, त्यांनी शत्रूच्या दुःखाला मात्र पारितोषिक द्यावे, याचा अर्थ काय? परक्याचे अश्रू पाहणे सुखाचे असते, एवढाच तर नाही?

एडवर्ड सैद यांनी १९७८ साली ‘ओरिएंटॅलिझम’ या ग्रंथात हीच शंका अधिक कठोरपणे मांडली. युरोप पूर्वेच्या वतीने स्वतःच बोलू लागला, त्याचे एक आरंभीचे उदाहरण त्यांना या नाटकात दिसले. ईडिथ हॉल यांनी १९८९ मध्ये, ‘रानटी परका’ ही प्रतिमा ग्रीक शोकांतिकेने कशी घडविली, हे तपशिलाने दाखविले. या आक्षेपांत तथ्य आहे. नाटकातील पर्शियन लोक सोन्याने मढलेले आहेत, ते राणीपुढे लोटांगण घालतात, आणि नवल म्हणजे स्वतःचा उल्लेख ‘बार्बर’ या ग्रीकांनी दिलेल्या हेटाळणीच्या शब्दाने करतात. इ.स.पू. ४०५ मधील अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ या प्रहसनात तर एस्किलसचे पात्र बढाई मारते, की हे नाटक लिहून मी अथेन्सवासीयांना विजयाची ईर्ष्या शिकविली.

इतिहासाच्या बाबतीतही एस्किलसने सोयीस्कर मौन पाळले आहे. झर्क्सिसचा पिता दारयावेश याचे भूत थडग्यातून वर येते आणि मुलाच्या उन्मादाचा धिक्कार करते. हेलेस्पाँटच्या समुद्राला नौकांच्या पुलाची बेडी घातली, देवळे जाळली, म्हणून हा दैवी कोप ओढवला, असे ते सांगते. ज्याच्या कारकिर्दीत यरुशलेमच्या मंदिराची पुनर्बांधणी पूर्ण झाली, तोच हा दारयावेश. म्हणून त्याच्या तोंडी हे शब्द आपल्याला शोभूनही दिसतात. परंतु मॅरेथॉनला आरमार धाडणारा हाच राजा होता, बॉस्फरसवर पूल बांधणाराही हाच, आणि त्याच्याच सैन्याने एरेट्रियाची देवळे जाळली होती. त्याही आधी, इ.स.पू. ४९८ मध्ये, आयोनियनांनी अथेन्सच्या मदतीने पर्शियनांचे सार्डिस जाळले, तेव्हा तेथील देवीचे मंदिरही आगीतून वाचले नव्हते. याविषयी नाटकात चकार शब्द नाही.

मग हे नाटक केवळ विजेत्यांचे समाधान ठरते काय? तसे वाटत नाही. आणि त्याची कारणे नाटकाच्या रचनेतच आहेत. पहिले असे, की संपूर्ण नाटकात एकाही समकालीन ग्रीक वीराचे नाव येत नाही. थेमिस्टोक्लीझच्या युक्तीने सॅलॅमिस जिंकले, हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. तरी त्याचे नाव नाही. नावे आहेत ती मेलेल्या पर्शियन सरदारांची. दूत ती एकामागून एक उच्चारतो, कोण कोठे पडला, कोणाचे प्रेत कोणत्या खडकावर आदळत राहिले, हे सांगतो. ज्याचे नाव घेतले जाते, त्याला घर असते, आई असते. सुसामधील ओस पडलेल्या शय्यांवर रडणाऱ्या तरुण स्त्रियांचे वर्णन येते, तेव्हा प्रेक्षकांतील किती जणांना आपल्याच आळीतील घरे आठवली असतील!

दुसरे कारण राजमातेच्या स्वप्नात आहे. तिला दोन उंच, देखण्या स्त्रिया दिसतात, एक पर्शियन वेषातील, एक ग्रीक वेषातील. झर्क्सिस दोघींना एकाच जुवाखाली रथाला जुंपतो. एक निमूट मान देते. दुसरी जू मोडते आणि तो खाली कोसळतो. ग्रीकांच्या स्वातंत्र्यप्रेमाचा गौरव येथे आहेच. पण त्या दोघी एकाच कुळातल्या बहिणी आहेत, असे कवी स्पष्ट सांगतो. ज्यांनी आपले नगर जाळले त्यांना सख्खे रक्त म्हणणे, ही साधी गोष्ट नव्हे.

आणि ते खोटेही नव्हते. सुसाचा राजवाडा बांधला, त्याचा वृत्तांत दारयावेशाने लेखात कोरून ठेवला आहे. दगड घडविणारे कारागीर आयोनियाचे आणि सार्डिसचे होते, असे तो सांगतो. ज्या राजवाड्याचा शोक अथेन्सने पाहिला, त्याचे पाषाण ग्रीक हातांनी घडले होते. सॅलॅमिसला झर्क्सिसच्या बाजूने आयोनियन जहाजेही लढली. पुढे थेमिस्टोक्लीझच मायदेशातून परागंदा होऊन पर्शियन राजाच्या आश्रयाला गेला. आणि पेरिक्लीझने याच नाट्यगृहाशेजारी जे संगीतगृह उभारले, ते झर्क्सिसच्या तंबूच्या धर्तीवर होते, असे जुने लेखक नमूद करतात. आपल्या भाषेतही या संबंधांची एक खूण आहे. पर्शियन लोक सर्वच ग्रीकांना आयोनियनांच्या नावावरून ‘यौन’ म्हणत. आपला ‘यवन’ हा शब्द त्याच कुळातला. एस्किलसचे पर्शियनही ग्रीकांना अनेकदा ‘आयोनियन’च म्हणतात. एवढा शब्द तरी त्याने शत्रूच्या तोंडून ऐकून घेतला होता.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मर्त्य माणसाने मर्त्यपणाची पायरी सोडू नये, उन्मत्तपणाला फळ येते ते अश्रूंचेच, हा दारयावेशाचा इशारा सुसासाठी उशिरा आलेला आहे. तो ऐकणारे होते अथेन्सचे लोक, आणि त्यांचे आरमार तेव्हा एजियन समुद्रात स्वतःचे साम्राज्य उभारू लागले होते. तो त्यांच्या कानांवरून गेला. इ.स.पू. ४१६ मध्ये त्यांनी मीलॉस बेटाला वेढा घातला आणि ते शरण आल्यावर तेथील पुरुषांना ठार मारले, बायकामुलांना गुलाम केले. नाटक पाहून नगर सुधारत नाही, हे खरे. परंतु ज्या शब्दांत नगराचा न्याय करता येईल, ते शब्द त्याच्या पदरी नाटकाने आधीच टाकलेले होते.

नाटकाचा शेवट फाटक्या वस्त्रांतील झर्क्सिस आणि ऊर बडविणारे वृद्ध यांच्या आक्रोशाने होतो. कोणी ग्रीक येऊन उपदेश करीत नाही. १९९३ साली पीटर सेलर्स यांनी हे नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा पराभूतांच्या जागी १९९१ च्या युद्धातील इराकी लोक होते. विजेत्या देशातील प्रेक्षकांना ते सहजी पचले नाही, यात नवल नाही.

एस्तेरचे पुस्तक आणि हे नाटक शेजारी ठेवून वाचावे. राजा एक, राजवाडा एक. एकीकडे यहुदी लेखणी, दुसरीकडे ग्रीक. सॅलॅमिसची कहाणी पर्शियन माणसाने सांगितलेली आपल्यापर्यंत आलेली नाही. त्याच्या आईचे रडे ऐकायचे, तर ते आपल्याला त्याच्या शत्रूच्याच तोंडून ऐकावे लागते. एस्किलसने ते पूर्ण खरे सांगितले नसेल. पण त्याने ते ऐकू येऊ दिले.