विहिरीकाठी राहिलेली घागर

भर दुपारी विहिरीवर दोन माणसं भेटतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली ही गोष्ट मी लहानपणापासून प्रवचनांत ऐकत आलो. तिथे पाण्याचं लगेच प्रतीक होतं: पाणी म्हणजे आत्मा, तहान म्हणजे देवाची ओढ. टँकरच्या रांगेत वाढलेल्या मला ही घाई कधीच पटली नाही.

गोष्ट सुरू होते ती खऱ्या तहानेपासून. चालून थकलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसतो आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईकडे प्यायला मागतो. ती चकित होते, कारण यहुदी शोमरोन्यांशी असा व्यवहार ठेवत नसत. महाडचं चवदार तळं आणि १९२७ साल ठाऊक असलेल्या वाचकाला हे वेगळं समजवावं लागत नाही. इथे मात्र वरचा मानला गेलेलाच हात पुढे करतो.

मग येशू ‘जिवंत पाण्या’बद्दल बोलतो. मूळ ग्रीक शब्दांचा साधा अर्थ वाहतं, झऱ्याचं पाणी असाही होतो. मराठीत हा श्लेष आपसूक उतरतो; विहिरीला जिवंत झरा लागला, असं आपणही म्हणतोच. म्हणून बाई सरळ विचारते, की पोहऱ्याशिवाय एवढ्या खोल विहिरीतून तू पाणी काढणार कसं? तिला काही कळलंच नाही, असं प्रवचनकार सांगतात. मला तर तिचा प्रश्न रास्त वाटतो. रोज खेपा घालणारी बाई पाण्याबद्दल आणखी कसं बोलेल?

पंडिता रमाबाईंचा १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथल्या सिस्टर्स मायेने सांभाळतात हे पाहून त्यांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांना हाच अध्याय वाचून दाखवण्यात आला. पुढे बायबल मूळ भाषांतून मराठीत आणणाऱ्या रमाबाईंना या गोष्टीत भिडलं ते येशूचं त्या बाईशी वागणं. माझ्या मते गोष्टीचा जीवही तिथेच आहे. ते वागणं वगळलं, तर ‘आध्यात्मिक तहान’ हा नुसता गुळगुळीत शब्द उरतो.

याच शुभवर्तमानात पुढे, क्रुसावर, येशू पुन्हा तहान लागल्याचं सांगतो. तिथे त्याला आंब मिळते. आणि विहिरीवर? बाई घागर तिथेच टाकून गावाकडे जाते. त्याला पाणी मिळालं का, हे योहान सांगतच नाही.