‘आझाद’, फकिरा आणि मारुती कांबळे

‘आझाद’ मी जत्रेतल्या तंबूत पाह्यला. पडद्याच्या पुढं गाव, पडद्याच्या मागं आमची वस्ती. मागनं सगळं उलटं दिसायचं. हिरो डाव्या हातानं मारायचा. तरी शिट्ट्या आमच्याच बाजूनं जास्त. डाकू पैसेवाल्यांना नडतो, गरिबाच्या बाजूनं उभा राहतो, पोलिसांच्या हातावर तुरी देतो. वाटायचं, ह्यो आपलाच.

तो आपला नव्हता. हे कळायला फार वर्षं गेली.

‘आझाद’ १९५५ चा. त्याच्या आदल्या वर्षी तमिळमध्ये ‘मलैक्कळ्ळन’ निघाला. म्हंजे डोंगरातला चोर. नायक एम. जी. रामचंद्रन, दिग्दर्शक श्रीरामुलु नायडू, मूळ कादंबरी नामक्कल रामलिंगम पिळ्ळै यांची. नायडूंनीच मग दिलीपकुमारला घेऊन तो हिंदीत केला. मारामारी, पाठलाग, वेषांतर, सगळा मालमसाला. आणि शेवटी खुलासा काय? डोंगरातला चोर आणि गावातला मातब्बर व्यापारी एकच. मुखवटा काढला की खाली खानदानी माणूस. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. लुटणारा खालचा नव्हता, बरं झालं.

ही करमणूक आहे, सोडून द्या, असं म्हणू नका. हेच रामचंद्रन १९७७ ला तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले. पडद्यावरच्या गोष्टीला माणसं मतं देतात.

आता आपला फकिरा बघा. अण्णा भाऊ साठे १९२० ला वाटेगावात जन्मले. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, आज सांगलीत. ‘फकिरा’ कादंबरी १९५९ ची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. तिच्यातही घोडा आहे, तलवार आहे, लूट आहे. पण फकिराला वेषांतर जमत नाही. कसं जमणार? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मणं हाच गुन्हा ठरवला होता. मांगवाड्याला हजेरी. नाव रजिस्टरात. मुखवटा काढला तरी खाली मांगच निघणार, आणि तोच तर गुन्हा. हा कायदा देशात पुरता उठायला १९५२ उजाडलं.

दुसरं असं, की फकिरा साहसासाठी लुटत नाही. दुष्काळ पडलाय, माणसं अन्नाविना मरतायत, म्हणून धान्य लुटतो. सरकार त्याच्या माणसांना धरून कोंडतं, तेव्हा आपल्या पायानं हजर होतो. ‘आझाद’ला घर नाही म्हणून तो निसटतो. फकिराच्या पाठीशी अख्खा वाडा आहे, म्हणून तो निसटू शकत नाही. माझ्या मते दोन्ही गोष्टींतला खरा फरक हा आहे.

१९६३ ला ‘फकिरा’वर मराठी सिनेमा निघाला. म्हंजे गोष्ट हाताशी होती. पण त्या वाटेनं मराठी पडदा फार चालला नाही. बारा वर्षांनी काय मिळालं? ‘सामना’. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. सिनेमा दमदार आहे, हे मी नाकारत नाही. साखर कारखान्याच्या राज्यात खून कसा पचतो हे त्यानं उघड सांगितलं. सातारा-सांगलीच्या माणसाला हिंदुराव धोंडे-पाटील वेगळा दाखवावा लागत नाही. तो आम्ही रोज बघतो. पण ज्याचा खून झाला तो मारुती कांबळे, फौजेतनं परत आलेला गडी. आमच्याकडं आडनाव सांगितलं की जात विचारावी लागत नाही. सगळी गोष्ट त्याच्या मरणावर उभी, आणि सामना मात्र मास्तर आणि हिंदुरावाचा. निळू फुले, श्रीराम लागू, दोघांची जुगलबंदी. मारुतीचं काय झालं हा प्रश्न अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी बसला. मारुतीला काय हवं होतं, हे कुणी विचारलं?

म्हंजे फकिरा घोड्यावरनं उतरला तो थेट प्रेत होऊन.

तमिळ पडद्याचं उलटं झालं. २०२१ ला मारी सेल्वराजचा ‘कर्णन’ आला. गावाला एस. टी.चा थांबा नाही, बस थांबतच नाही, तिथनं भांडण सुरू होतं. पोलीस ठाण्यात म्हाताऱ्यांना मारतात. आणि दबलेल्या वस्तीतलाच पोरगा तलवार घेऊन घोड्यावर बसतो. मुखवटा नाही, खानदानी बाप नाही. मला तो बघताना वाटेगाव आठवलं. त्यांना तिथवर यायला सदुसष्ट वर्षं लागली. आपल्याकडं ते १९५९ लाच छापून तयार होतं.

आपल्याकडं नागराज मंजुळेच्या ‘फँड्री’त, २०१३ ला, जब्यानं दगड भिरकावला. चांगलं झालं. पण एक दगड पुरत नाही.

आपल्या लिहिणाऱ्या पोरांना माझं सांगणं एवढंच: मारुती कांबळेची गोष्ट मारुतीच्या घरातनं लिहा. तो फौजेतनं परत आला त्या दिवसापासनं. त्याच्या आईनं त्याला काय सांगितलं, गावाच्या पारावर तो कुठं बसला, आणि उठ म्हटल्यावर का उठला नाही. त्यातही मारामारी येईल, पाठलाग येईल. शिट्ट्याही पडतील. पण आधी तो जिता पाहिजे.